गाडीला अर्थ नाही

बाबा चांगले वागायला लागले, तेव्हाच आम्ही घाबरलो.

म्हणजे बघा, ज्या माणसाने आयुष्यभर चहा एकदा गार म्हणून आणि एकदा कढत म्हणून परत पाठवला, ज्यांनी माझ्या लग्नात फोटोग्राफरला फोटो कसा काढावा हे शिकवलं, ते बाबा हृदयाच्या ऑपरेशननंतर दवाखान्याच्या खाटेवर पडून प्रत्येक गोष्टीला 'चालेल' म्हणायला लागले. बिनमिठाचं सूप? चालेल. शेजारच्या पेशंटचा दिवसभर चालणारा रेडिओ? चालेल. माझ्या बायकोने मुद्दाम खोडी काढली, "बाबा, तुमची ती मोडकी खुर्ची टाकून देऊ का?" तरी चालेल! मोठे डॉक्टर मात्र खूश. "किती समजूतदार पेशंट आहे हो तुमचा," ते म्हणाले. आम्ही दोघं बाहेर जिन्यात येऊन एकमेकांकडे बघत उभे राहिलो. रिपोर्ट सगळे चांगले होते, टाके चांगले होते, फक्त आतला माणूस आवराआवर करून बसला होता. मला रात्र रात्र झोप लागेना.

सतरा दिवसांत त्यांनी स्वतःहून एकच गोष्ट मागितली. घरी सोडायच्या आदल्या संध्याकाळी म्हणाले, "उद्या आपल्या गाडीने नेशील ना रे? ॲम्ब्युलन्समधून आलो, तसंच परत नको."

मी म्हटलं, "नेतो की. त्यात काय!"

'त्यात काय' या दोन शब्दांची नोंद खरं तर 'संकटाची पूर्वसूचना' अशी करायला हवी. मला तो अधिकार आहे. मी एका मोठ्या शब्दकोशाच्या कामावर आहे; शब्दांचे अर्थ लावणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. तेवीस वर्षं झाली, सध्या आम्ही 'ग' पर्यंत आलो आहोत. घाई करून चालत नाही.

गाडी बाबांची. माझ्याहून तिच्यावर त्यांचा जीव जास्त, हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, माहिती म्हणून सांगतो. ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "दर दोन दिवसांनी दहा मिनिटं चालू ठेव." मी ठेवत होतो. जागच्या जागी. चालवायची कधी हिंमत केली नाही.

तर त्या सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी गाडी पार्किंगमधून बाहेर काढली. गेटजवळच्या गतिरोधकावरून पुढची चाकं गेली, एक दणका बसला, गाडी खोकली आणि बंद पडली. पुढची चाकं रस्त्यावर, मागची सोसायटीत. मी किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. डॅशबोर्डवरच्या काट्यांच्या मागचा दिवा क्षणभर मंद लागला आणि गेला.

आमच्या इमारतीला गेट एकच आहे. पाच मिनिटांत माझ्यामागे सात गाड्या आणि त्यांचे हॉर्न जमा झाले.

सर्वात आधी सेक्रेटरी आले. "गेटमध्ये गाडी उभी करायला परवानगी नाही," ते म्हणाले.

"मी उभी नाही केली. ती उभी राहिली."

"नियमात तसा फरक केलेला नाही."

मग व्हीआरएस काका आले. हे बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले गृहस्थ. तेव्हापासून सगळ्यांच्या कामात स्वेच्छेने असतात. त्यांनी खिडकीतून नाक आत घातलं, वास घेतला आणि जाहीर केलं, "फ्लड झालीय. पेट्रोल जास्त चढलंय. दहा मिनिटं हात लावू नका." म्हणून आम्ही सगळे दहा मिनिटं हात न लावता उभे राहिलो. काका घड्याळ बघत होते. दहा मिनिटांनी मी किल्ली फिरवली. टक्. "म्हणजे फ्लड नव्हती," काका समाधानाने म्हणाले. एक शक्यता निकालात निघाली याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "पेट्रोल आहे ना पण?" हा प्रश्न मला नंतर एकूण अकरा जणांनी विचारला. पन्नाशीच्या, चष्मा लावलेल्या, शब्दकोशात काम करणाऱ्या माणसाला गाडीत पेट्रोल लागतं हे ठाऊक नसेल, असं लोकांना इतक्या सहज कसं वाटतं?

"ढकला!" कुणीतरी ओरडलं. सहा जण मागे लागले. मी लाज वाटून स्वतःही उतरलो आणि ढकलायला लागलो. उतरताना, जबाबदार माणूस म्हणून, किल्ली काढून खिशात टाकली. किल्ली काढली की स्टिअरिंगला कुलूप लागतं हे मला माहीत होतं. फक्त त्या वेळी आठवलं नाही. चाकं होती तशी वळलेली राहिली आणि गाडी सात जणांच्या ताकदीने व्यवस्थित तिरकी होऊन गेटच्या खांबाला टेकली. आता गेटमधून गाडीच काय, जाडसर माणूससुद्धा जाईना.

"टॅक्सी का करत नाही तुम्ही?" सेक्रेटरी म्हणाले.

बरोबरच होतं त्यांचं. पण सतरा दिवसांनी एका माणसाला काहीतरी हवंसं वाटलंय, तेवढं एकच, आणि तेही नाही मिळालं तर तो काय म्हणेल ते मला आधीच ऐकू येतंय, हे त्या सात हॉर्नच्या आवाजात कसं सांगणार? मी म्हटलं, "टॅक्सी लागते त्यांना." म्हणजे मळमळतं या अर्थाने.

तेवढ्यात बायकोचा फोन. ती दवाखान्यातच होती. "अहो, निघालात का? बारा वाजता खाट रिकामी करायचीय. गाडी आली नाही तर आमच्या ॲम्ब्युलन्सने घरी सोडू म्हणतात."

"बाबांच्या समोर म्हणाले?"

"हो ना."

"मग?"

"म्हणाले, चालेल."

घड्याळात नऊ चाळीस झाले होते.

आणि अशा वेळी लिफ्टवाला आला. आमची लिफ्ट दर महिन्याला तपासून जाणारा हा माणूस; काम संपवून निघाला होता आणि त्याची स्कूटर माझ्या गाडीमागे अडकली होती. त्याने कुणाला काही विचारलं नाही. बॉनेट उचलायला लावलं, मला किल्ली फिरवायला सांगितली, टक् ऐकलं, आत वाकून बघितलं आणि हात पुसत शांतपणे म्हणाला, "साहेब, गाडीला अर्थ नाही."

मी म्हटलं, "काय?"

"अर्थच नाही गाडीला. चालू कशी होणार?"

आता मला सांगा, सगळ्या सोसायटीदेखत, वडिलांच्या गाडीबद्दल, त्या सकाळी हे ऐकून घ्यायचं? "ही माझ्या वडिलांची गाडी आहे," मी म्हटलं.

"तेच म्हणतो मी. जुनी गाडी. अर्थ कधीचाच सैल झाला असणार, आज गेला. वेळेवर नीट लावला असता तर ही वेळ आली नसती."

"अहो, मी तेवीस वर्षं अर्थच लावतोय!" मी ओरडलो. "'अर्थ' या शब्दाची नोंद मी स्वतः लिहिली आहे. अकरा अर्थ दिलेत. मला तुम्ही शिकवू नका! अर्थ नाही तो तुमच्या बोलण्याला!"

लिफ्टवाल्याने माझ्याकडे बघितलं, मग व्हीआरएस काकांकडे बघितलं. काकांनी हलकेच मान हलवली; वडील आजारी आहेत, टेन्शन आहे, अशा अर्थाची. लिफ्टवाला जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला आणि त्याने डबा उघडला.

मला एकाएकी आठवलं की गाडीच्या कागदांत एका मदतसेवेचं कार्ड आहे. फोन लावला. सात वेळा संगीत ऐकल्यावर एक बाई अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, "सभासद आपणच का?"

"वडील आहेत."

"मग त्यांच्या मोबाईलवर चार आकडे येतील, ते आम्हाला सांगावे लागतील."

"ते दवाखान्यात आहेत हो."

"लवकर बरे व्हावेत अशी सदिच्छा. आकडे दोन मिनिटांत सांगा."

आता आली का पंचाईत! बाबांना कळू न देता बाबांकडूनच आकडे काढायचे. मी दुसऱ्या फोनवरून, म्हणजे काकांच्या, बायकोला लावला आणि बाबांना द्यायला सांगितलं.

"बाबा, तुमच्या मोबाईलवर आत्ता एक मेसेज आलाय बघा. त्यात चार आकडे आहेत, तेवढे वाचता का?"

"कशाचे?"

"बँकेचे," मी म्हटलं. खोटं बोलायची सवय नसली की माणूस असं हमखास चुकीचं खोटं बोलतो.

"बँकेचे आकडे कुणाला सांगायचे नसतात. तूच सांगितलं होतंस."

"हे वेगळे आहेत, बाबा."

चष्म्याच्या डबीचा खटका ऐकू आला. मग ते सावकाश म्हणाले, "सात. शून्य. चार. चार." आणि थोडं थांबून, "आणखी काही विचारायचंय?"

"नाही, बाबा. तुम्ही आराम करा."

"बरं," ते म्हणाले.

मी किती शिताफीने निभावलं म्हणून स्वतःवर खूश झालो. मदतसेवेचा मेकॅनिक यायचा तर सेक्रेटरींनी नवीनच खुसपट काढलं: बाहेरच्या कारागिराला आवारात काम करायचं असेल तर कमिटीकडे अर्ज हवा. मी दाखवलं की गाडी अर्धी बाहेर आहे. त्यांनी गेटच्या रेषेपासून पावलं टाकून मोजलं आणि निकाल दिला की बॉनेट रस्त्यावर आहे, तेव्हा इंजिनाला अर्जाची गरज नाही. डिकी उघडायची असेल तर मात्र लागेल. इतका काटेकोर माणूस आमच्या कोशात असता तर आम्ही अजून 'आ' वरच असतो.

मेकॅनिक आला तेव्हा पावणेअकरा झाले होते. मधल्या तासाभरात मी पंधरा वेळा किल्ली फिरवून बघितली होती, प्रत्येक वेळी जराशा वेगळ्या पद्धतीने. त्याने कसलंसं मीटर लावलं, दोन वायरी हलवल्या आणि म्हणाला, "बॅटरी एकदम ओके. अर्थ गेलाय."

"काय गेलाय?"

"अर्थ हो. अर्थिंग! बॅटरीच्या मायनसकडून बॉडीला येते ती वायर. ही बघा, टोकाशी तुटून लोंबतेय."

मी पायरीकडे बघितलं नाही. पण पायरीवर डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला.

"मग जोडा ना," मी म्हटलं.

"आमच्या सेवेत बॅटरी आणि टायर दोनच येतं. वायरिंग नाही. बॅटरी चांगली आहे असं लिहून देतो, इथे सही करा." त्याने माझी सही घेतली, सेवा कशी वाटली तेही विचारलं, आणि मोटरसायकलवरून निघून गेला. तो बाहेरच्या बाजूला होता, त्याला जाता आलं.

अकराला पाच कमी. मी पायरीपाशी गेलो. कोशात 'खेद' या शब्दाच्या सहा छटा मी दिल्या आहेत, त्यातली एकही तोंडात येईना.

"चुकलो," मी म्हटलं. "मला वाटलं, तुम्ही गाडीला नावं ठेवताय."

"नावं कशाला ठेवू? वायर सांगत होतो मी."

"हो, ते आत्ता कळलं. वडील दवाखान्यात वाट बघतायत. ह्या गाडीने यायचंय त्यांना. बारापर्यंत."

तो उठला. "हे आधी बोलायचं ना, साहेब. तुम्ही अकरा अर्थ सांगत बसलात."

त्याने पिशवीतून लिफ्टच्या वायरीचा एक तुकडा काढला, टोकं सोलली, पिळून बांधली, वरून चिकटपट्टी गुंडाळली. मी किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली! सात गाड्यांमधून टाळ्या पडल्या. व्हीआरएस काकांनी माझी पाठ थोपटली, जणू हे सगळं त्यांच्या देखरेखीखाली झालं होतं. लिफ्टवाला खिडकीशी वाकून म्हणाला, "ही वायर बारीक आहे. चालत्या गाडीला पुरेल, स्टार्टरचा झटका परत सोसणार नाही. घरी पोचेपर्यंत इंजिन बंद करायचं नाही. काय वाट्टेल ते झालं तरी."

दवाखान्यापर्यंतचा तो रस्ता मी कसा काढला ते माझं मला माहीत. प्रत्येक सिग्नलला मी इंजिनाचा आवाज ऐकत श्वास धरून बसायचो. एका गतिरोधकावर तर मी गाडीची मनापासून विनवणी केली, अहो-जाहो करून.

अकरा बावन्नला मी पोर्चमध्ये पोचलो. पहारेकरी धावत आला. "इंजिन बंद करा. धूर आत वॉर्डात जातो."

"दोन मिनिटं, दादा. पेशंट येतोच आहे."

"इंजिन बंद करून थांबा."

"बंद नाही करता येत!"

"कुठली गाडी बंद नाही करता येत?" तो म्हणाला. तेवढ्यात काचेचं दार उघडलं आणि बायको चाकाच्या खुर्चीवरून बाबांना घेऊन आली. घरचा शर्ट घातला होता त्यांनी. गळ्याशी तो इतका ढगळ झाला होता की मला बघवेना. खोकला आला की छातीशी दाबून धरायची छोटी उशी मांडीवर होती. मी आणि बायकोने त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. मी घाईघाईने माझ्या जागेवर बसलो. जिंकलो, मला वाटलं.

बाबांनी सावकाश हात लांब केला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"बाबा!" मी किंचाळलोच.

"हं. आता सांग," बाबा म्हणाले. "काय बिघडलंय?"

मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी खिशातून मोबाईल काढून माझ्यासमोर धरला. चार आकड्यांच्या वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: आपल्या बंद पडलेल्या वाहनासाठी मदत पाठवत आहोत.

"सकाळपासून फोन हातात धरून बसलोय," बाबा म्हणाले. "म्हटलं, आत्ता विचारेल, मग विचारेल. तीस वर्षं चालवतोय मी ही गाडी. सगळ्या बिल्डिंगला विचारलं असशील ना?"

"हो."

"त्या बँकवाल्यालासुद्धा?"

"हो."

"मला फक्त आकडे विचारलेस."

मी खाली बघत म्हटलं, "तुम्हाला त्रास नको म्हणून, बाबा. ऑपरेशन झालंय तुमचं."

"ऑपरेशन छातीचं झालंय. डोक्याचं नाही."

मागे ॲम्ब्युलन्स येऊन थांबली होती आणि हॉर्न देत होती. मी किल्ली फिरवली. टक्. बांधलेल्या वायरीतून धुराची एक बारीक रेघ निघाली आणि संपली.

"टक्," बाबा म्हणाले. "अर्थ गेलाय."

"लिफ्टवाला तेच म्हणाला होता."

"मग ऐकलं का नाहीस त्याचं?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, अकरा अर्थांसकट. बाबा माझ्याकडे एकटक बघत राहिले. त्यांचा चेहरा वाकडा व्हायला लागला आणि मी घाबरून दार उघडायला गेलो, डॉक्टरांना हाक मारायला. तर ते हसत होते. उशी दोन्ही हातांनी छातीशी दाबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते.

"बाबा, हसू नका, टाके आहेत!" बायको मागून म्हणाली आणि स्वतः रडायला लागली.

"डिकीत निळा डबा आहे," बाबा धापा टाकत म्हणाले. "त्यात नवी वायर आहे, जाड. दहा नंबरचा पाना आहे. जा. अर्ज नको करायला इथे."

मी बॉनेट उघडून वाकलो. बॉनेट वर असल्यामुळे बाबांना पुढचं काही दिसेना. त्यांनी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं, आणि सतरा दिवसांत वॉर्डातल्या कुणी ऐकला नव्हता तो आवाज पोर्चभर घुमला.

"मायनसला लाव! काळी! काळी! अरे गाढवा, ती लाल आहे! बायकोला विचार काळा रंग कुठला ते!"

नर्स धावत बाहेर आली. "आजोबा, आवाज चढवायचा नाही हं."

"मग या तुम्ही आणि लावा वायर!" बाबा म्हणाले. "आणि तो ॲम्ब्युलन्सवाला किती चिकटलाय मागे! अहो, अंतर ठेवायला शिकवलं नाही का कुणी?"

पहारेकऱ्याने माझ्या हातातून पाना घेऊन नट आवळून दिला. तो कंटाळला होता बहुतेक. मी आत बसलो, किल्ली फिरवली, आणि गाडी अशी सुरू झाली की जणू कधी बंदच पडली नव्हती. पोर्चमधून बाहेर पडलो, मोठ्या रस्त्याला लागलो. बाबा डावीकडची दुकानं बघत होते आणि कुठल्या पाटीचा रंग बदलून वाट लावलीय ते सांगत होते. मला समोरचं धूसर दिसायला लागलं. मी आरशात बघून हळूच डोळे पुसले.

"तो आरसा मागची वाहनं बघायला असतो," बाबा म्हणाले. "आणि दुसऱ्या गिअरवर किती ओरडायला लावणार आहेस तिला? रडायचंच असेल तर तिसरा टाकून रड."